केकतवाडीच्या जावयाचं धोंड्याचं जेवण

नांदेड

चिपळुणात माझं छत्र्यांचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो. ऐन पावसाळ्यात दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घालून, कमी पावसाच्या मुलखात पाच दिवस नुसतं जेवायला जाणारा माणूस कोणत्या प्रतीचा व्यापारी असेल, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण इलाज नव्हता. अधिक महिना लागला होता आणि माझी सासुरवाडी नांदेडची. दर तीन वर्षांनी हा जादा महिना येतो, तेव्हा मराठवाड्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून केलेले उकडलेले गोळे. सोबत तुपाची वाटी असते आणि ती रिकामी दिसली तर घरातल्या बायका कावऱ्याबावऱ्या होतात. आमच्या कोकणात जावयाचं कौतुक पहिले दोन गणपती टिकतं. तिसऱ्या वर्षी तोच जावई पडवीत बसून फणसाचे गरे काढत असतो आणि त्याला कुणी चहाही विचारत नाही. इथं मात्र माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, तरी मी दारात आलो की सासूबाई पायांवर पाणी घालतात आणि मी कधीकाळी घोड्यावरून आल्याचा चेहरा करून उभा राहतो.

या घरात मी आजवर एक पेला उचललेला नाही. एकदा, लग्नानंतर पाचव्या वर्षी, जेवल्यावर ताट मोरीपर्यंत न्यायचा प्रयत्न केला होता. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बायको विद्या मला आत घेऊन म्हणाली, "काय केलंस हे? आईला वाटलं, तुला जेवण आवडलं नाही."

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरमध्ये वाढायला माणसं कमी पडत होती, म्हणून डोक्याला रुमाल बांधलेल्या एका उंच बाईंनी माझ्या हातात डाळीची बकेट दिली. मी कोण, कुठला, कुणाचा जावई, काही विचारलं नाही. सव्वीस वर्षांनी नांदेडात मला कुणी काम सांगत होतं. त्या आनंदात मी पहिल्याच म्हाताऱ्या सरदारजींच्या गुडघ्यावर डाळ सांडली. ते गुडघा पुसत म्हणाले, "कोई बात नहीं जी. पहली बार है?" मी होय म्हणालो. पन्नाशीनंतर असं उत्तर द्यायला धीर लागतो.

घरी आलो तर सासरे, म्हणजे आमचे अण्णा, फोन हातात धरून बसले होते. अण्णा निवृत्त ग्रामसेवक. ऐंशीला आलेत, पण अजून कुठलीही गोष्ट ठराव मांडल्यासारखी मांडतात.

"जावईबापू, माझ्या नोकरीच्या गावाहून, केकतवाडीहून, गयाबाईचा फोन होता. तिचे मेव्हणे बापू निघाले. पुढल्या महिन्यात आयर्लंडला, कायमचे. भाचीनं तिकडून सगळे कागद केलेत. आणि यंदा धोंड्यालाही बसणार नाही म्हणतेत."

"बापू आयर्लंडला कशाला चाललेत?" मी विचारलं.

"कारण ते तिथलेच आहेत," अण्णा म्हणाले. "परवा आपल्याला जायचंय. गाडी तुम्ही चालवायची."

विद्या गालातल्या गालात हसली. अण्णांनी मला काम सांगितलं होतं. पण लगेच ते पुढे म्हणाले, "म्हणजे, तुमची इच्छा असली तर."

इस्लापूर

मधला एक दिवस मोकळा होता म्हणून आम्ही इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पाहायला गेलो. पैनगंगा काळ्या कातळावरून खाली अशी कोसळत होती की आमच्याकडचे धबधबे तिच्यापुढे नळ वाटावेत. (चिपळूणकरांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं.) सासूबाईंनी दिलेला नवा पांढरा सदरा-पायजमा मी त्या दिवशी घातला होता. शहाणपणाचा हा कळस झाल्यावर शेवाळावर पाय ठेवला आणि बसल्या जागी दहा फूट प्रवास केला. अण्णा दुसरीकडे पाहू लागले. जावई पडला तर हसायचंसुद्धा नाही, असा नियम आहे. विद्या तेवढी पोट धरून हसली आणि मला जरा बरं वाटलं.

चिखल वाळेपर्यंत मी दगडावर बसलो आणि अण्णांनी त्या पाण्याकडे बघत बापूंची हकिगत सांगितली.

बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून काही मंडळी बोअर पाडायची मशिनं घेऊन या भागात आली. त्यांत मायकल नावाचा तेविसेक वर्षांचा आयरिश तरुण होता. जळकोट तेव्हा तालुका नव्हता आणि केकतवाडी तर नकाशातही नव्हती. तिथं त्यानं तीन बोअर घेतले. तिन्हींतून नुसता फुफाटा निघाला. मशीन गाडीवर चढवायला लागले, तेव्हा मालन नावाची गावातली मुलगी म्हणाली, "वारुळापाशी बगा की. मुंग्या कोरड्यात घर करत न्हाईत." मशीनवर उदगीरचा गफूर मदतनीस होता. त्यानं ते हिंदीत सांगितलं, मायकल हसला, आणि हसून झाल्यावर वारुळापासून दहा पावलांवर मशीन उभं केलं. पाणी लागलं. गावातल्या बायकांनी मशिनाला हळदकुंकू लावलं, आणि हात चुकून थोडं मायकललाही.

तीन वर्षांनी त्यानं मालनशीच लग्न केलं. राहायला गावाबाहेरचा माळ घेतला, जिथं दगडांशिवाय काही उगवत नव्हतं. दगड वेचून त्याच्या भिंती रचल्या, खाली माती निघाली, तिथं हायब्रीड ज्वारी पेरली. लोक म्हणायचे, गोरं येडं झालं. आज त्या माळावर चाळीस घरं आहेत आणि पहिलं घर त्याचं.

"आणि मालन गावची लेक, म्हणून तो अख्ख्या गावचा जावई. सगळे जावईबापू म्हणायचे. घासून घासून नुसतं बापू राहिलं."

पुढं बापू रीतसर भारताचे नागरिक झाले आणि एका वर्षी सरपंचपदाच्या नादानं निवडणुकीला उभे राहिले. अण्णा तिथं ग्रामसेवक होते, त्यामुळे हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. बापू मतं मागायला दारोदार हात जोडत निघाले. जावयानं हात जोडायचे? बायका हादरल्या. प्रत्येक घरात त्यांना ओवाळून, टॉवेल-टोपी देऊन, जेवायला बसवलं. प्रचार अकरा दिवस चालला आणि बापूंचं वजन वाढलं. विरोधात दत्तूअप्पा नावाचा तरणाबांड गडी होता. माघारीच्या दिवशी त्याची आई तहसीलच्या दारात जाऊन उभी राहिली: "जावयाच्या इरोधात ऱ्हायलास तर घरात पाय ठिवू नगस." दत्तूअप्पानं अर्ज मागे घेतला. बापू बिनविरोध सदस्य, मग सरपंच. दोन टर्म.

"कारभार कसा होता?" मी विचारलं.

अण्णांनी बोटं मोजायला घेतली.

"दहा वर्षांत ग्रामसभेचं इतिवृत्त मी लिहिलं. हरकत, एकही नाही. सूचना, एकही नाही. जावयाला कोण बोलणार? त्यांनी पारापुढं सिमेंटची गटार बांधली. उतार उलटा. पाऊस पडला की सगळं पाणी पाराशी. लोकांनी काय करावं? दगड मांडून त्यावरून चालायला लागले. बापूंनी एकदा विचारलं, पाणी साचतं का? तर म्हणाले, साचतं थोडं, पण बरं झालं बापू, गुरं पितात."

"आणि आजही तसंच आहे?"

"आजही दगडावरूनच चालतेत."

जळकोटच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी निघालो. विद्या आईजवळ थांबली. दोघींना माझ्याविषयी बोलायचं होतं. कंधार गेलं, जांब गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पसरलेलं आणि मधूनच तुरीच्या ओळी. मग जमीन हळूहळू चढू लागली, खडक वर आले आणि रस्ता डोंगराच्या अंगाला लागला. वाटेत एका टपरीवर निलंगा राईस खाल्ला. पिवळाधमक भात, वर भजी आणि तळलेली मिरची. मी कोकणी माणूस, तिखटापुढे नम्र. दुसऱ्या घासाला कानांतून वारं गेलं. टपरीवाला म्हणाला, "पाव्हणे, पाणी पिऊ नका, अजून लागंल. भजं खावा." भज्यातही मिरची होती.

अण्णांच्या मनात दुसरंच चाललं होतं. मालनबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून बापू गप्प. आणि यंदा धोंड्याचं आमंत्रण गेलं तेव्हा म्हणाले, मालन गेली, आता मी कुणाचा जावई?

"उत्तर काय द्यायचं याला?" अण्णा म्हणाले. "शासनाचं परिपत्रक नाही."

केकतवाडी

मी वाटेत मनातल्या मनात एक इंग्रजी वाक्य तयार केलं होतं. आपण चिपळूणचे असलो तरी आयरिश माणसाशी नीट बोलावं म्हणून. दोनदा आरशात म्हणूनही पाहिलं होतं. माळावर गाडी थांबली तेव्हा एक उंच, वाकलेला, तांबूस पांढरा म्हातारा दगडाच्या भिंतीशी बसला होता. अंगात मळका नेहरू शर्ट, खांद्यावर पंचा. मी पुढे होऊन वाक्य म्हटलं. त्यानं हातातला दगड फिरवून पाहिला, भिंतीत बसवला आणि म्हणाला:

"काय म्हणायलाव? जरा मोठ्यानं बोला, डाव्या कानानं कमी येतंय."

मग अण्णांना पाहून उठला. "अण्णासाहेब. कवा निघालाव? जेवूनशान आलाव का?"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात धरले. मी भिंत पाहू लागलो. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मधल्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. एका ठिकाणी ती ढासळली होती आणि बापू तेवढी जागा भरत होते.

"गावात हसत होते आधी," बापू म्हणाले. "भोकाची भिंत म्हणायचे. आमच्या तिकडच्या गावाला दर्याचं वारं असतंय. गच्च भिंत पडती. भोकातून वारं गेलं की ही ऱ्हाती. अठ्ठेचाळीस वर्षं झाली."

"आमच्याकडे याला गडगा म्हणतात," मी म्हणालो. "प्रत्येक बागेला असतो."

बापूंचा हात थांबला. "काय म्हंतेत?"

"गडगा."

"गडगा," त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं. "म्हंजी ह्याला मराठी नाव हाय? आन मला हितं कुणी सांगितलं न्हाई?" ते मनापासून हसले. मग शेजारचा दगड माझ्याकडे सरकवला. "मग तुम्हाला येतंय की. घ्या. रुंद बाजू खाली."

मला गडगा अजिबात येत नाही. आमच्याकडे तो गडी घालतात आणि मी बाजूला उभा राहून चहा पितो. पण जावयाला काम सांगणारा दुसरा माणूस मिळाला होता, आणि तोही तीन दिवसांत. मी दगड लावला. बापूंनी तो न बोलता काढला आणि उलटा करून लावला.

अण्णांनी विषय काढला. "बापू, तिकीट रद्द करा."

"कशापायी?"

"गाव आहे, गयाबाई आहे, गफूर आहे."

बापू दगड पारखत राहिले. "अण्णासाहेब, तुम्ही मला वाईट म्हणू नका. माझ्या आईच्या घरी माणूस आला की पहिलं काम. सरपण आण, बटाटे सोल, गाय बांध. काम सांगितलं म्हंजी तू घरचा. हितं अठ्ठेचाळीस वर्षं मला पाटावर बसवलंय. पेला उचलू दिला न्हाई. सरपंच होतो, एक माणूस भांडला न्हाई माझ्याशी. मालन भांडायची, तेवढंच. ती गेली." त्यांनी दगड ठेवला. "पाव्हण्याला कितीबी जीव लावा, पाव्हणा कवातरी जातोच की."

अण्णा पुढचा दगड उचलून त्यांच्या हातात देऊ लागले.

मुक्काम गयाबाईंकडे होता. गयाबाई म्हणजे मालनबाईंची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, काटक, आणि कुठल्याही जावयाशी थेट न बोलणारी. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या चुलीकडे बघत बोलतात. पूर्वी बापूंना निरोप द्यायचं काम मालनबाई करायच्या. आता ते गफूरभाईंकडे आलं होतं. बोअरच्या मशीनवर आलेले ते उदगीरचे गफूर इथंच राहिले. आता गावात पंप दुरुस्त करतात आणि जेवायच्या वेळी गयाबाईच्या ओसरीवर असतात.

"गफूरभाई, पाव्हण्याला इचारा, भाकरी अजून टाकू का म्हणून."

गफूरभाई माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. "पाव्हणे, और एक भाकरी?"

"नको, पोट भरलं."

हे गयाबाईंना स्वच्छ ऐकू गेलं. तरी त्या थांबल्या. गफूरभाई म्हणाले, "वो नको बोलते." तेव्हा कुठे त्यांनी गफूरभाईंची भाकरी थापायला घेतली. मग गफूरभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दो साल से ये नोकरी करतोय. मालनबहन जाते वक्त मेरेको ही देके गयी."

आता माझा स्वभाव. दुकानात गिऱ्हाईक छत्री मागायला येतं आणि मी त्याला त्याच्या मेव्हण्याची भानगड सांगून पाठवतो. बापूंचं बोलणं पोटात राहीना. मी गफूरभाईंना सगळं सांगितलं. सरपण, बटाटे, पाट, पेला, पाव्हणा. चूल चार हातांवर होती आणि गयाबाईंचा एक कान पदराबाहेर होता. तरीही सांगून झाल्यावर गफूरभाई उठले, चुलीपाशी गेले आणि नियमाप्रमाणे सगळं पुन्हा, एक शब्द न गाळता, त्यांना सांगितलं.

तव्यावर गफूरभाईंची भाकरी होती, ती करपली.

"पचास साल में पहिली बार," गफूरभाई भाकरी हातात घेऊन म्हणाले आणि ती तशीच खाल्ली.

मला वाटलं, आपण घोळ घातला. अण्णांचंही तेच मत होतं. "जावईबापू, काही गोष्टी इतिवृत्तात घ्यायच्या नसतात," ते म्हणाले.

पाराजवळची पंगत

दुसऱ्या दिवशी दुपारी गावजेवण होतं. धोंड्याला नाही म्हणता, तर निदान निरोपाचं जेवा, असं सांगून अण्णांनी बापूंना राजी केलं होतं. सकाळी सर येऊन गेली होती, त्यामुळे पारापुढे घोटाभर पाणी आणि त्यात मांडलेले दगड. सगळं गाव त्या दगडांवरून सवयीनं, खाली न बघता, उड्या मारत येत होतं. मी खाली बघत आलो आणि तरी पाय बुडवला.

शाळेच्या पत्र्याखाली चार रांगा बसल्या. वरच्या टोकाला एकच पाट, भोवती रांगोळी, समोर तांब्याचा तांब्या. पाट बापूंसाठी. मला त्यांच्या शेजारी सतरंजीची घडी मिळाली, कारण मीही जावई, पण परगावचा. ताटात धोंडे, तूप, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. येसराची आमटी यायची होती. धने, गहू, मसाले भाजून दळलेल्या पिठाची ही झणझणीत आमटी लग्नाकार्यात तोंडी लावायला नव्हे, प्यायला असते, असं आदल्या दिवशीच मला बजावलेलं.

बापू आले. स्वच्छ धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. पाटाकडे पाहिलं आणि उभेच राहिले. बसेनात. दत्तूअप्पा, तेच अर्ज मागे घेतलेले, आता पांढऱ्या मिशांचे, पुढे होऊन म्हणाले, "बसा बापू." बापू तरी उभे. पाटाकडे असे पाहत होते, जणू तिथं कुणी बसलेलं होतं. सगळे घास हातात धरून थांबले.

तेवढ्यात मागून गयाबाई आल्या. हातात आमटीची बकेट, वर वाफ. बायकांच्या रांगेपासून पुरुषांच्या रांगेपर्यंत चालत आल्या आणि बापूंसमोर उभ्या राहिल्या. गफूरभाई सवयीनं उठले, निरोप घ्यायला. गयाबाईंनी हाताच्या खुणेनं त्यांना खाली बसवलं.

"बापू," त्या म्हणाल्या. पदर डोक्यावर होता, पण बघत सरळ होत्या. "पंगत बसलीय आन तुम्ही उभं कामून ऱ्हायलाव? घरची माणसं वाढायला कमी पडायलीत. धरा ही बकेट. डाव्या रांगंला आमटी पोचली न्हाई."

माझ्या शेजारचा माणूस पुटपुटला, "गयाबाईला ऊन लागलं."

बापूंनी बकेटीकडे पाहिलं, मग गयाबाईंकडे. मग दोन्ही हातांनी बकेट घेतली, आणि पळी हातात धरून, पाण्यातल्या बगळ्यासारखी लांब ढांग टाकत, डाव्या रांगेकडे निघाले. पहिल्या वाटीत घातली, ती उतू गेली. दुसरीही.

"आमटी हाय ती, बोरचं पाणी न्हाई," गयाबाई मागून ओरडल्या. "हळू. मानसाचा हात भाजंल."

"व्हय," बापू म्हणाले.

"आन तळातनं ढवळा. वरवरचं वाढू नका."

"व्हय, व्हय."

एकजण हसलं. मग दुसरा. मग सगळा पत्रा हसायला लागला, आणि त्या हसण्यात दत्तूअप्पा उठून उभे राहिले. त्यांच्या ओठांवर तीस वर्षं अडकलेली गोष्ट होती, हे त्यांच्या मिशांवरूनही कळत होतं.

"बापू, आता निघालंच हाय तर बोलतो. त्या गटारीचा उतार उलटा हाय."

बापू पळी हातात धरून वळले. "उलटा?"

"पार उलटा. पाणी पारात येतंय. तीस वर्षं दगडावरनं चाललो आम्ही. माझी आई दोनदा पडली."

"तुम्ही म्हणालाव, गुरं पितेत."

"काय म्हणणार मग? जावयाला?"

आणि मग बांध फुटला. शाळेची खिडकी पावसाच्या बाजूला काढली, हे कुणी सांगितलं. दिव्याचा खांब दत्तूअप्पाच्या गोठ्यावर उजेड पाडतो आणि रस्त्यावर नाही, म्हणून म्हैस नीट झोपत नाही, हे दुसऱ्यानं. एक आजीबाई तर म्हणाल्या, त्या एका साली तू माझ्या कोंबड्याला दगड मारला होतास, मी कुणाला सांगितलं न्हाई. बापू रांगेतून आमटी वाढत प्रत्येकाचं ऐकत होते, भांडतही होते. "कोंबडं माझ्या ज्वारीत हुतं." "खिडकी अण्णासाहेबांनी सांगितली तिथं काढली." (अण्णांनी ताटात पाहिलं.) त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. गफूरभाई डोळे पुसत होते आणि तिखटाचं कारण देत होते.

आमच्या रांगेला आले तेव्हा बापूंनी माझ्या वाटीत बरोबर काठोकाठ आमटी घातली. हात आता बसला होता.

"भाचीला फोन करायला लागंल," ते अण्णांना म्हणाले. "तिला काय सांगू? गटारीचं काम निघालंय, एवढ्यात येणं होत न्हाई, म्हणून सांगतो."

"गटार झाल्यावर?" अण्णांनी जपून विचारलं.

बापूंनी शाळेच्या खिडकीकडे पाहिलं, दिव्याच्या खांबाकडे पाहिलं.

"गटार झाल्यावर बाकीचं हाय की," ते म्हणाले, आणि मागून गयाबाईंनी हाक मारली तसे बकेट घेऊन पुढच्या रांगेला गेले.

पाटावर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. तो संध्याकाळी गयाबाईंनी धुऊन भिंतीला टेकवला, तेव्हा बापू गफूरभाईंबरोबर पाण्याची पातळी मापायची नळी घेऊन गटारीत उतरले होते.

परत नांदेड

जेवायला बसलो तेव्हा मी विद्या आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. अण्णांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या मी घेतल्या नाहीत. सांगता सांगता गयाबाईंचं धैर्य अंगात आलं, आणि जेवण झाल्यावर मी माझं ताट उचलून उभा राहिलो.

सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. या वेळी डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बसा जावईबापू," त्या म्हणाल्या. "त्यांना अठ्ठेचाळीस वर्षं लागली. तुमची अजून सव्वीसच झालीत."